सोलोला इंजिन खोकलं, त्याची आणि पुढच्या २३ दिवसांची गोष्ट

मी पायलट व्हायला शिकतेय. एकटीनं उडताना, म्हणजे सोलोला, इंजिन बिघडलं आणि चौकशी लागली. ती चालू असताना यावर एक अक्षर लिहायचं नाही असं उडायला शिकवणाऱ्या सरांनी बजावलं होतं, म्हणून इतके दिवस गप्प होते. डिसेंबरात शेवटचं पत्र आलं, आता लिहिते. आमच्या शाळेचं आणि एअरफील्डचं नाव टाकत नाही, विचारूही नका. मराठवाड्यातलं आहे एवढं बास. लिहिण्याचं कारण साधंच आहे. माझ्यासोबत हे घडलं त्या रात्री मी होस्टेलच्या कॉटवर बसून शोध शोध शोधलं की आता पुढं काय होतं, कोण काय विचारतं, लायसन जातं का, पैसे कोण भरतं, तर मराठीत काहीच सापडलं नाही आणि इंग्रजीत जे सापडलं ते सगळं अमेरिकेतलं.

थोडं आधीचं. मी अंबाजोगाईची. पप्पांची रोडला खानावळ आहे, लग्नसराईत जेवणाच्या ऑर्डरी पण घेतात. बारावी सायन्सनंतर डीजीसीएचा (विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं) कॉम्प्युटर नंबर, क्लास टू मेडिकल, मग क्लास वन, मग स्टुडंट पायलट लायसन (एसपीएल), या सगळ्यात वर्ष गेलं. नेव्हिगेशनच्या पेपरला ७० टक्के लागतात, मला पहिल्यांदा ६४ पडले, पुन्हा दिला. सीपीएलला, म्हणजे कमर्शियल पायलटच्या लायसनला, २०० तास उडावं लागतं आणि आमच्याकडं तासाला साडेसतरा हजार रुपये लागतात, हिशेब तुम्हीच करा. दोन एकर गेली आणि वर एज्युकेशन लोन आहे. हे रडगाणं म्हणून सांगत नाही, पण विमान हवेत असताना आरपीएमच्या (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांच्या) सुईसोबत डोक्यात लोनचा हप्ताही फिरतो, हे खोटं कशाला बोलू. तर त्या वेळी माझे एकूण ४१ तास झाले होते, त्यातले सोलो साडेबारा.

११ सप्टेंबर २०२४, बुधवार. घरी महालक्ष्म्यांचं जेवण होतं आणि मम्मीचा सकाळी सहालाच फोन, सोळा भाज्या निवडून झाल्या, तू नाहीस म्हणून करमंना गेलंय. मी म्हणलं आज सोलो आहे, संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते. रात्रभर भुरभुर पाऊस होता आणि सकाळी नऊपर्यंत सगळं धुकट, धावपट्टीचं पलीकडचं टोक दिसत नव्हतं. साडेनऊला उजाडल्यासारखं झालं. ब्रेथ ॲनालायझर फुंकला, ऑथोरायझेशनच्या वहीत सही झाली, एक तास, लोकल सेक्टर म्हणजे आसपासच, स्टीप टर्न (जास्त कलून वळणं) आणि स्टॉल (मुद्दाम वेग घालवून विमान सावरणं).

विमान सेस्ना १५२. दोन सीटचं, चार सिलिंडरचं लायकमिंग इंजिन, ११० हॉर्सपॉवर, आणि कार्ब्युरेटरवालं, हे पुढच्या गोष्टीसाठी महत्त्वाचं. पावसाळ्यात इंधनाचा नमुना नीट बघायचा असतो. दोन्ही पंखांखालून एकेक आणि इंजिनजवळच्या स्ट्रेनरमधून एक, असे तीन काढले. एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, फिकट निळं असतं, पाणी खाली बसतं. डावीकडच्या नमुन्यात तळाला साबुदाण्याएवढे दोन थेंब होते. टाकून दिलं, परत काढलं, तिसऱ्यांदा एकदम स्वच्छ आलं. ते मी नीट केलं होतं.

जे नीट केलं नाही ते आता सांगते. होल्डिंग पॉइंटला, म्हणजे धावपट्टीच्या अलीकडं थांबायच्या जागी, आले तर दुसरं विमान उतरायचं होतं आणि मधेच पावसाची एक सर पण आली, म्हणून दहा-बारा मिनिटं इंजिन आयडलवर ठेवून बसले. मग रन-अप, म्हणजे उडायच्या आधीची इंजिनची तपासणी. १७०० आरपीएम, ठिणगी देणारे मॅग्नेटो दोन्ही ठीक, आणि मग कार्ब हीट. हा थ्रॉटलच्या शेजारचा एक नॉब असतो, बाहेर ओढला की इंजिनात बाहेरच्या थंड हवेऐवजी एक्झॉस्टच्या आजूबाजूची गरम हवा जाते. गरम हवा विरळ, म्हणून आरपीएम थोडा पडतो, आत ढकलला की होता तिथं येतो. मी ओढला, सुई पडली. पण मग पडून राहायच्या ऐवजी हळूहळू वर सरकायला लागली. मी नॉब आत ढकलला तर सुई १७०० च्या पण वर, १७५० च्या आसपास. मला वाटलं जुना गेज आहे, नाचतोय. मागं अजून एक विमान येऊन थांबलं होतं. थ्रॉटल थोडी कमी करून सुई १७०० ला आणली आणि पुढं निघाले.

पुस्तकात याचा अर्थ स्पष्ट लिहिलेला आहे आणि मी त्यावर पेपरात मार्क पण घेतले होते.

सेक्टरमधली ४० मिनिटं मस्त गेली. खाली बालाघाटाचे उतार, पाण्यानं भरलेले पाझर तलाव, सोयाबीनचा हिरवा इतका गच्च की मधले बांधसुद्धा दिसत नव्हते. १ तारखेपासून मराठवाड्यात पाऊस कोसळला होता ते आठवत असेल, वरून सगळीकडं पाणी चमकत होतं. दोन स्टॉल केले, स्टीप टर्नमधे शंभर फूट घालवले, स्वतःवरच चिडले आणि परत फिरले.

साडेपाच हजार फुटांवरून उतरायला सुरुवात केली. आमच्या एअरफील्डची उंची समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या आसपास आहे, म्हणजे जमिनीपासून मी साडेतीन हजारांवर होते. थ्रॉटल १८०० पर्यंत ओढली आणि मिनिटाला ३०० फुटांनी आरामात खाली. आमच्याकडं नियम आहे की आरपीएम हिरव्या पट्ट्याच्या खाली न्यायच्या आधी कार्ब हीट ओढायची. मी ओढली नाही. विसरले, याला दुसरा शब्द नाही. डोक्यात स्टीप टर्नचे ते शंभर फूट होते.

सहाएक मिनिटं अशीच. मधे सुई १८०० वरून १७५० ला, १७०० ला सरकलेली दिसली, मी प्रत्येक वेळी थ्रॉटल किंचित पुढं केली, जशी आपण स्कूटीची रेस वाढवतो तशी. ३६०० फुटांना लेव्हल व्हायचं म्हणून थ्रॉटल पुढं ढकलली तर इंजिन गुरगुरलं, सुई १९०० पर्यंत चढली आणि तिथंच अडकली. पूर्ण ढकलली. तेवढंच. आणि मग थरथर सुरू झाली, आधी पायात रडरमधून, मग डॅशबोर्डवरच्या सगळ्या काचांत. खडबडीत रस्त्यावर एसटीच्या मागच्या सीटवर बसल्यावर जसं दात वाजतात ना, तसं.

तोंडाला एकदम कोरड पडली. एक क्षण मी काहीच केलं नाही, नुसती सुईकडं बघत बसले. हे सांगायला लाज वाटते पण सांगते कारण सगळे म्हणतात ट्रेनिंग आपोआप येतं. येतं, पण आधी दोन-तीन सेकंद काहीच येत नाही.

मग हातांनी काम सुरू केलं. नाक थोडं वर, स्पीड ६०, या विमानाचा ग्लाइड स्पीड, म्हणजे इंजिनशिवाय तरंगत जायचा वेग, तेवढाच. एअरफील्ड अजून सहा मैल. जमिनीपासून माझी उंची १६०० फूट. हजार फुटाला साधारण दीड मैल ग्लाइड धरतात, म्हणजे इंजिन बंदच पडलं तर मी अडीच मैलाच्या आत कुठंतरी खाली. धावपट्टी नाहीच. खाली बघितलं. सोयाबीन उभं आणि काळी माती ओली, त्यात चाक रुतलं की विमान उलटं होणार हे सरांनी शंभरदा सांगितलेलं. रस्ता होता पण दोन्ही बाजूनी तारा. उजव्या हाताला एका तलावाच्या वरच्या अंगाला एक मुरमाड माळ दिसला, शेरडं चरत होती त्यावर. म्हणलं हाच. शेरडं पळतील.

मग चेक. कार्ब हीट, प्रायमर आत आणि लॉक, फ्युएल ऑन, मिक्स्चर रिच, मॅग्नेटो बोथवर. कार्ब हीट पहिलंच नाव. ओढली.

आणि इंजिन जास्तच बिघडलं.

हे मला इथं सावकाश सांगायचंय. नॉब ओढल्या ओढल्या इंजिननं असा खोकला काढला की मला वाटलं संपलं. सुई १९०० वरून धाडकन १५५० ला. विमान इतकं हलायला लागलं की हेडसेट नाकावर आला. माझा हात नॉबवरच होता आणि त्या हाताला एकच गोष्ट करायची होती, ती म्हणजे नॉब परत आत ढकलायची. कारण उघड आहे ना, ओढल्यावर बिघडलं म्हणजे ढकलल्यावर सुधरेल. शरीराला तेच लॉजिक कळतं. पण ग्राउंड क्लासमधे सर एकदा म्हणाले होते, बर्फ वितळला की पाणी कुठं जाणार, इंजिनातच जाणार, ते पिताना इंजिन बोंबलणारच, बोंबलू द्या. त्या दिवशी वर्गात आम्ही हसलो होतो. मी नॉब मुठीत गच्च धरला आणि मोठ्यानं आकडे मोजायला लागले. एक, दोन, तीन. मराठीत मोजत होते हे नंतर कळलं, कारण रेडिओचं बटण मधेच दाबलं गेलं होतं आणि ते खाली सगळ्यांना ऐकू आलं.

अठरापर्यंत आल्यावर रेडिओची आठवण झाली. आधी विमान उडवायचं, मग कुठं जायचं ते बघायचं, मग बोलायचं हा क्रम बरोबरच आहे, पण मी जरा जास्तच उशीर केला. पॅन-पॅन (अडचणीत आहे, असा इशारा) तीनदा, कॉलसाइन, इंजिन रफ रनिंग, सिक्स माइल्स साउथ-वेस्ट, सोलो. उंची सांगायची विसरले. पलीकडं सरच होते. "रॉजर. कार्ब हीट?" "पुल्ड." "कीप इट. फ्लाय द एअरप्लेन." बास, एवढंच बोलले, त्याहून एक शब्द जास्त बोलले असते तर मी रडले असते.

तिशीच्या पुढं कुठंतरी एक मोठा हिसका बसला आणि सुई १७०० ला. परत एक हिसका, १९००. मग कुणीतरी हात काढून घ्यावा तशी थरथर थांबली आणि सुई २२०० ला जाऊन उभी राहिली. उंची बघितली तर २९००, म्हणजे माळापासून ९०० फूट वर. शेरडं वर बघत नव्हती पण राखणारा मुलगा बघत होता, त्याचा पांढरा टॉवेल मला स्पष्ट दिसला.

वर चढून सरळ फायनलला, म्हणजे धावपट्टीच्या समोर उतरायला, आले. धावपट्टीच्या कडेला फायरची गाडी आणि अँब्युलन्स उभी होती, माझ्यासाठी, हे बघून पोटात गोळा आला. लँडिंग वाईट झालं, दोनदा उड्या मारल्या. आणि टॅक्सी करताना इंजिन इतकं साळसूद चालत होतं की काय सांगू. जसं काही झालंच नाही. एप्रनवर सर आले, दार उघडलं आणि पहिलं वाक्य, "हीट अजून बाहेरच आहे तुझी, जमिनीवर आत ढकलायची, ती हवा फिल्टरमधून येत नाही, धूळ जाते." मी खाली बघितलं तर हात अजून नॉबवर. बोटं सोडवायला डावा हात लावावा लागला. तळहातावर नॉबचा गोल ठसा संध्याकाळपर्यंत होता.

आता पुढचं, ज्यासाठी खरं हे लिहितेय.

उतरल्यावर दहा मिनिटांत परत ब्रेथ ॲनालायझर. घाबरू नका, संशय नसतो, करावाच लागतो. विमान तिथंच सील, टेक लॉगमधे (विमानाच्या वहीत) नोंद, आता इंजिनिअरची सही झाल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. इंधनाचे नमुने बाटल्यांत भरून लेबल लावले. माझं लॉगबुक, एसपीएल, मेडिकल, रेडिओचं लायसन, सगळ्याच्या झेरॉक्स. लोड अँड ट्रिम शीट, हवामानाचा कागद, ऑथोरायझेशनच्या पानाची झेरॉक्स. शाळेच्या सेफ्टी ऑफिसरनी डीजीसीएच्या मुंबई ऑफिसला त्याच दिवशी कळवलं. मोठा अपघात किंवा सीरियस इन्सिडंट असेल तर एएआयबी, म्हणजे विमान अपघातांची चौकशी करणारं सरकारी ऑफिस, बघतं, माझ्यासारखं कुणाला इजा नाही, विमानाला ओरखडा नाही, ते डीजीसीएकडं. एक टिप, प्रत्येक कागदाची एक झेरॉक्स स्वतःकडं ठेवा. मला नंतर तीनदा लागल्या, आणि रविवारी झेरॉक्सचं दुकान शोधत गावभर फिरावं लागलं ते वेगळंच.

मग स्टेटमेंट. हातानं लिहायचं, वेळेसकट. मी दुपारी एक पान लिहून दिलं, थरथरत्या अक्षरात, इंजिन रफ झालं, चेक केले, ठीक झालं, आले. संध्याकाळी घरी व्हिडिओ कॉल केला, मम्मीनं महालक्ष्म्या दाखवल्या, ताट दाखवलं, मी म्हणलं छान झालं सोलो. तेव्हा सांगितलंच नाही.

रात्री झोप येईना. सकाळपासून सगळं मनात परत परत चाललं होतं आणि अडीचच्या सुमारास रन-अपची ती वर सरकणारी सुई आठवली. उठून बसले. कार्ब हीट ओढल्यावर आरपीएम पडून परत वाढला आणि आत ढकलल्यावर आधीपेक्षा जास्त राहिला, याचा अर्थ जमिनीवरच बर्फ धरला होता आणि हीटनं तो वितळला होता. विमानानं मला उडायच्या आधीच सांगितलं होतं.

रूममेट सीनियर आहे, तिला उठवून सांगितलं. ती म्हणाली अगं वेडी का, दिलंय ना स्टेटमेंट, आता स्वतःच्या हातानं कशाला लिहून देतेस की मी सुई बघितली आणि निघाले, वर डिसेंटला हीट ओढली नाही हे पण. इंजिनचा फॉल्ट निघेल, विषय संपेल. तिचं चुकीचं होतं असं मी म्हणत नाही, तिनं बाकीच्यांचं बघितलेलं होतं. मी पहाटेपर्यंत कागद समोर घेऊन बसले आणि शेवटी दोन्ही गोष्टी लिहिल्या. शूर वगैरे काही नाही, भीती अशी वाटली की इंजिनिअर बिचारे फॉल्ट शोधत बसतील, सापडणार नाही, आणि तेच विमान उद्या माझी बॅचमेट घेऊन जाईल.

आणि झालंही तसंच. तीन दिवस इंजिन उघडून बसले. प्लग काढले, कम्प्रेशन घेतलं, चारही सिलिंडर चांगले. मॅग्नेटो ठीक, इंधनात पाणी नाही, कार्ब्युरेटरच्या बाउलमधे कचरा नाही, हीटची केबल पूर्ण उघडते बंद होते. शनिवारी ग्राउंड रन, फुल पॉवर, एकदम मक्खन. बर्फ पुरावा सोडत नाही हो. उतरेपर्यंत पाणी, पाण्याची वाफ, खेळ खल्लास. मेसमधे कुजबुज सुरू झाली की पोरगी घाबरली असेल, तिनंच मिक्स्चरचा नॉब ओढून इंधन तोडलं असेल. एकानं तर तोंडावर म्हणलं, मराठवाड्यात बर्फ? आपल्याकडं प्यायला पाणी नसतं. लातूरला २०१६ ला रेल्वेनं पाणी आणलं होतं आणि हिच्या इंजिनात बर्फ. सगळे हसले, मी पण हसले, काय करणार.

पण इंजिनिअर काकांनी माझं दुसरं पान वाचलं, मला बोलावलं आणि तीनदा तेच विचारलं, सुई नक्की किती पडली, किती वेळात चढली, आत ढकलल्यावर किती होती. मग हवामानाचा कागद काढला. तापमान २५, ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला हवेतल्या ओलीचं दव होतं ते) २३. भिंतीवर कार्ब आयसिंगचा चार्ट लावलेला होता, रोज त्याच्यासमोरून जात होते मी. बोट ठेवलं तर डिसेंट पॉवरला सीरियस आयसिंगच्या पट्ट्यात. बाहेर २५ डिग्री असली तरी कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात हवेचा दाब पडतो आणि पेट्रोलची वाफ होते, दोन्हीमुळं तापमान २० डिग्रींनी किंवा त्याहून जास्तही खाली जाऊ शकतं. हवेत ओल असली की ती तिथंच गोठते. थ्रॉटल कमी केलेली असेल तर फट बारीक, म्हणून लवकर बुजते. कोरड्या उन्हाळ्यात ४२ डिग्रीला हा त्रास होत नाही, आमच्यात भीती असते ती उन्हाळ्याची, पण या बाबतीत सप्टेंबरची धुकट सकाळ वाईट.

घरी सांगितलं ते चौथ्या दिवशी. मम्मी आधी रडली, मग महालक्ष्म्यांनीच राखलं म्हणाली. पप्पांना मी हे सगळं, तो अरुंद गळा म्हणजे व्हेंचुरी वगैरे, समजावून सांगायला लागले, ते मधेच म्हणाले, "थांब थांब, आपल्या भट्टीच्या टाकीला धरतं तसं का?" मला आधी कळलंच नाही. "अगं लग्नात मोठी भट्टी जोरात चालली की गॅसची टाकी खालून पांढरी होती ना, बर्फ धरतो, मग ज्योत बारीक होती. आपण गरम पाण्याच्या घमेल्यात ठिवतो की टाकी." लहानपणापासून बघितलेलं मी ते. बोटानं त्यावर नाव लिहायचो आम्ही भावंडं.

मधे १७ तारखेची मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी, त्याच दिवशी गणपती विसर्जन, फाइल हललीच नाही. १९ ला सरांनी विमानाची टेस्ट फ्लाइट केली, इंजिनिअरची सही, विमान मोकळं. मी नाही. मी ग्राउंडेड. रोज सकाळी सहाला उठून ऑपरेशन्समधे बसायचं, बोर्डावर इतरांची नावं लिहायची. हा काळ मला हवेतल्या त्या मिनिटांपेक्षा जड गेला. होस्टेलचं भाडं चालू, मेस चालू, तास शून्य.

२० ला मुंबईहून व्हिडिओ कॉल. मी कुर्ता इस्त्री करून बसले होते. वीसेक मिनिटं चालला, समोरचे अधिकारी शांतपणे विचारत होते, ओरडणं वगैरे काही नाही. रन-अपबद्दल, डिसेंटबद्दल, आणि रेडिओवर उंची का सांगितली नाही. मी म्हणलं विसरले. त्यांनी लिहून घेतलं. शेवटी विचारलं की दुसरं पान दुसऱ्या दिवशी का दिलं. रात्री आठवलं म्हणून, असं सांगितलं. त्यांनी मान हलवली, त्याचा अर्थ मला आजपर्यंत कळलेला नाही.

२७ ला शाळेचं पत्र आलं, समुपदेशन आणि करेक्टिव्ह ट्रेनिंग, डुअल, म्हणजे सरांसोबत. दोन सॉर्टी (उड्डाणं) मिळून दीड तास. पैसे माझेच, २६,२५० रुपये. यावर मी थोडं भांडले, म्हणलं निम्मे तरी घ्या, नाही म्हणाले. अशा वेळेसाठी लोनमधले थोडे पैसे बाजूला ठेवत जा, एवढंच सांगते, कारण शाळेच्या पॅकेजमधे हे धरलेलं नसतं. आणि ज्यांच्या शाळेत नवीन इंजेक्शनवाली इंजिनं आहेत त्यांना कार्ब हीटचा नॉबच दिसणार नाही, त्यांनी माझं वाचून उगीच शोधत बसू नये.

डुअलमधे सरांनी वर नेलं आणि थ्रॉटल आयडलला ओढून म्हणाले, बोल आता, पहिलं काय. मी बोलायच्या आधी हात नॉबवर. मग त्यांनी जमिनीवर आणून तीन वेळा रन-अप करून घेतला, कोरड्या दुपारी, मुद्दाम, की सुई नुसती पडून तिथंच राहिली तर कशी दिसते ते बघून ठेव. खरं सांगते, मी ते आधी कधी नीट बघितलंच नव्हतं. पडली का, पडली, पुढं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार, घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी परत सोलो. सकाळी परत धुकट होतं. होल्डिंगला पाच-सात मिनिटं थांबावं लागलं आणि माझ्या मागं दोन विमानं. १७०० आरपीएम. कार्ब हीट ओढली आणि ठेवली. सुई पडली. दहा सेकंद. पंधरा सेकंद. मागच्या विमानातून आवाज आला, "एनी प्रॉब्लेम?" मी म्हणलं, "नेगेटिव्ह, स्टँडबाय," आणि वीसपर्यंत मोजलं, यावेळी रेडिओचं बटण सोडून.